असेल तर, नसेल तर

१

एका तालुक्याच्या गावी शंभरी ओलांडलेले सार्वजनिक वाचनालय आहे. २००९ साली त्या वाचनालयासाठी मी ग्रंथसूचीची एक छोटी प्रणाली लिहून दिली. पुस्तकाचे नाव, लेखक, दाखल क्रमांक, कोणाकडे गेले, कधी परत आले, एवढेच तिचे काम. पैशांचा प्रश्न नव्हता. लहानपणी त्या कपाटांतली पुस्तके वाचली होती, तेवढे ऋण फेडावे इतकाच हेतू. यंत्रांवर लिनक्स होते, त्यातले डेबियन नावाचे वितरण.

लिनक्सवर प्रणाली पोहोचते ती पॅकेजच्या रूपात. माझ्या पॅकेजात प्रणालीबरोबर एक देवनागरी फाँटही होता. पॅकेजातल्या फायली जागच्या जागी गेल्या की शेवटी पाच-दहा ओळींची एक स्क्रिप्ट आपोआप चालते. तिला पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट म्हणतात. माझ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती : एफसी-कॅश ही आज्ञा चालव. नवा फाँट आला की यंत्रावरच्या फाँटांची यादी ताजी करणे, हे त्या आज्ञेचे काम. पुण्यातल्या माझ्या यंत्रावर सारे सुरळीत झाले. वाचनालयातल्या टेबलावरच्या यंत्रावरही झाले. पण ज्या दुसऱ्या यंत्रावर सगळ्या नोंदी साठायच्या होत्या, त्याला पडदाच नव्हता. पडदा नाही म्हणून फाँट दाखवणारी यंत्रणा नाही आणि म्हणून एफसी-कॅशही नाही. स्क्रिप्ट त्या ओळीपाशी आली, ‘अशी आज्ञा सापडत नाही’ असे सांगणारा १२७ हा आकडा परत करून थांबली. पॅकेज अर्धवट राहिले. ग्रंथपालबाईंचा फोन आला, “अहो, मशीन काहीतरी इंग्रजीत ओरडतंय आणि पुढे जात नाही.”

ज्या यंत्रावर अक्षर उमटणारच नव्हते, त्यावर अक्षरांची यादी करण्यासाठी मी सगळे काम अडवून ठेवले होते.

चूक दोन मिनिटांत सुधारली असे मला वाटले. ती कशी सुधारली नाही आणि त्यापायी पुढे काय गमावले, ते ओघाने सांगेन. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मागे लागला. परक्या यंत्रावर जाऊन काम करणाऱ्या या छोट्या स्क्रिप्टांनी तिथे कोणते साधन आहे आणि कोणते नाही हे कसे ओळखायचे? असेल तर काय करायचे, नसेल तर काय? हा प्रश्न माझ्याआधी हजारो जणांना पडला असणार. त्यांनी तो कसा सोडवला, याचा काही इतिहास असेल का?

इतिहास आहे, आणि त्याचे दफ्तरही आहे. पेशवे दफ्तरात जसे रुमाल सोडून कागद पाहावे लागतात, तसे इथे चेंजलॉग पाहावे लागतात. डेबियनच्या प्रत्येक पॅकेजबरोबर त्याच्या बदलांची तारीखवार नोंदवही येते. कोणी, केव्हा, कोणत्या तक्रारीवरून कोणती ओळ बदलली, ते तिथे लिहिलेले असते. गेली काही वर्षे फावल्या वेळात मी हे रुमाल सोडतो आहे. त्यातून जे दिसले ते हे.

२

डेबियनची घोषणा १६ ऑगस्ट १९९३ रोजी झाली. इयान मर्डॉक तेव्हा अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विद्यार्थी होते. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, या दोन नावांतून डेबियन हे नाव त्यांनी घडवले. त्याआधी लिनक्स मिळायचे ते एकगठ्ठा : कोणीतरी एकाने सगळे गोळा करून, जमेल तसे बांधून दिलेले. मर्डॉक यांची कल्पना वेगळी होती. प्रत्येक पॅकेजाची जबाबदारी वेगळ्या माणसाने घ्यावी, आणि तरी सगळी पॅकेजे एकमेकांशी नीट नांदावीत.

या कल्पनेतच आपल्या प्रश्नाचे मूळ आहे. एकाच माणसाने सारे बांधले असते तर कुठे काय आहे हे त्याला ठाऊकच असते. पण एकमेकांना कधी न भेटलेली माणसे, वेगवेगळ्या देशांत बसून, एकाच घरात सामान पाठवू लागली, की प्रत्येकाला विचारावे लागते : या घरात अमुक आहे का?

पॅकेज बसवणारा कार्यक्रम म्हणजे डीपीकेजी. त्याचे पहिले रूप मर्डॉक यांचे. १९९४ मध्ये इयान जॅक्सन यांनी त्याचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने लिहिला. या व्यवस्थेत पॅकेजाला चार स्क्रिप्ट जोडता येतात : बसवण्यापूर्वीची, बसवल्यानंतरची, काढण्यापूर्वीची आणि काढल्यानंतरची. चारही स्क्रिप्ट यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालतात. म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेल्या दहा ओळींना तुमच्या यंत्रावर काहीही करण्याची मुभा असते. एवढ्या अधिकारापुढे नियम हवेत, म्हणून जॅक्सन यांच्याच हातून धोरणपुस्तिकेची सुरुवात झाली. ती आजही वाढते आहे. स्क्रिप्ट एकदा चालवली काय नि दहादा चालवली काय, परिणाम एकच यावा. मध्येच वीज गेली तरी पुन्हा चालवून काम पुरे व्हावे. आणि काही बिघडले तर स्क्रिप्टने गप्प बसू नये, अपयश कळवून थांबावे, असे ती सांगते.

अपयश कळवण्याची रीत युनिक्समधली जुनी आहे. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे काम झाले. इतर कोणताही आकडा म्हणजे झाले नाही. बसवल्यानंतरच्या स्क्रिप्टने शून्याखेरीज काही परत केले, की डीपीकेजी ते पॅकेज ‘अर्धे मांडलेले’ म्हणून नोंदवतो. मग पुढच्या प्रत्येक वेळी तो तेच पॅकेज पुन्हा मांडू पाहतो आणि पुन्हा तीच तक्रार करतो. वाचनालयातले यंत्र ‘ओरडत’ होते ते असे.

रेड हॅटने १९९५ मध्ये मार्क यूइंग आणि एरिक ट्रोन यांच्याकरवी आणलेल्या आरपीएमचा स्वभाव इथे निराळा आहे. तिथे बसवल्यानंतरची स्क्रिप्ट अयशस्वी झाली तर इशारा छापला जातो, पण पॅकेज बसलेलेच मानले जाते. डेबियन दारात अडून बसते. आरपीएम कुरकुरत का होईना, आत येते. दोन्हींच्या बाजूने बोलता येईल. अडून बसल्याने माणसाचा खोळंबा होतो. कुरकुर करून पुढे गेल्याने ती कुरकुर कोणी वाचतच नाही.

३

आता कोणी विचारील, एखादे साधन लागत असेल तर ते पॅकेजाबरोबर आणावेच, एवढे साधे का नाही? तशी सोय आहे. डेबियनमध्ये पॅकेज आपल्या गरजा पायरीने सांगते. ‘याच्याशिवाय चालणार नाही’ ही वरची पायरी. ‘हे असावे असा आग्रह आहे’ ही मधली. ‘हे असल्यास बरे’ ही खालची. शिवाय काही मोजकी पॅकेजे ‘अत्यावश्यक’ म्हणून प्रत्येक यंत्रावर गृहीत धरता येतात.

अडचण येते ती दुसऱ्याच्या सोयीसाठी करायच्या कामांत. डॉक-बेस नावाचे एक पॅकेज आहे. यंत्रावरच्या सगळ्या पॅकेजांची माहितीपत्रके ते एका सूचीत आणते. त्यासाठी प्रत्येक पॅकेजाने, बसल्यावर, इन्स्टॉल-डॉक्स ही आज्ञा चालवून आपले नाव सूचीत घालायचे. तसेच मेनूचे : अपडेट-मेन्यूज चालवले की पडद्यावरच्या यादीत पॅकेजाचे नाव यायचे. पण बुद्धिबळाचा खेळ बसवणाऱ्याला माहितीपत्रकांची सूची हवीच असे नाही. खेळाने ‘डॉक-बेसशिवाय चालणार नाही’ म्हटले असते, तर दर पॅकेजाने आपल्यामागे दहा पॅकेजे ओढून आणली असती. म्हणून साधन वैकल्पिक ठेवायचे, आणि स्क्रिप्टने आत गेल्यावर विचारायचे : आहे का? असेल तर नाव घाल, नसेल तर पुढे चल.

विचारायची पहिली रीत सरळ होती. साधनाचा पूर्ण पत्ता लिहायचा आणि त्या जागी चालवता येण्याजोगी फाइल आहे का ते पाहायचे. पण साधनाची जागा एका कप्प्यातून दुसऱ्यात हलली, की ते असूनही स्क्रिप्ट ‘नाही’ म्हणायची. यंत्राच्या मालकाने त्याच नावाचे आपले खास साधन दुसरीकडे ठेवले असेल, तर तेही तिला दिसायचे नाही. म्हणून धोरणपुस्तिका सांगते की स्क्रिप्टमध्ये आज्ञांमागे पत्ता सहसा जोडू नये. शोधमार्गावर जी सापडेल ती वापरावी. मग शोधमार्गावर काय सापडते हे कोणाला विचारायचे? त्यासाठी बहुतेकांनी व्हिच या आज्ञेकडे बोट दाखवले.

४

व्हिच ही आज्ञा कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधली. १९७० चे दशक संपता संपता ती आली. एखादे नाव टंकले तर यंत्र नक्की कोणती फाइल चालवील, हे ती सांगते. ती मुळात माणसासाठी होती. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला उत्तर वाचता येते. ‘सापडले नाही’ हे वाक्य त्याला पुरते. स्क्रिप्टला वाक्य कळत नाही, तिला आकडा हवा. काही जुन्या व्हिचा साधन नसले तरी ‘या मार्गावर नाही’ असे वाक्य छापून शून्य परत करत, म्हणजे काम फत्ते! अशा व्हिचवर विसंबलेली स्क्रिप्ट नसलेले साधन चालवायला जाई आणि आपटे. डेबियनची व्हिच याबाबत शहाणी होती, म्हणून तिथल्या स्क्रिप्टांत ती बिनदिक्कत वापरली गेली.

दरम्यान युनिक्सच्या अनेक शाखांना एका रेषेत आणणारे पॉझिक्स हे मानक घडत होते. त्यात कमांड नावाची आज्ञा आली. तिला व्ही ही खूण जोडली की ती दिलेल्या नावाचा ठावठिकाणा सांगते आणि नसेल तर शून्याखेरीज आकडा परत करते. सुरुवातीला ही खूण मानकाच्या ऐच्छिक भागात होती. वैकल्पिक साधन शोधण्याचे साधन स्वतःच वैकल्पिक! २००८ च्या आवृत्तीत ती सर्वांना बंधनकारक झाली. तिचे मोठेपण असे की ती शेलच्या, म्हणजे स्क्रिप्ट वाचणाऱ्या कार्यक्रमाच्या, पोटातच असते. शेल आहे म्हणूनच स्क्रिप्ट चालते आहे, तेव्हा ही आज्ञा नसण्याचा प्रश्न येत नाही. डेबियनच्या विकासकांसाठीच्या मार्गदर्शिकेत इन्स्टॉल-डॉक्सचेच उदाहरण घेऊन हीच रीत सुचवलेली आहे.

मानक बदलले म्हणून सवय बदलत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये डेबियनची अकरावी आवृत्ती आली, आणि त्यानंतर लगेच विकासाच्या शाखेत व्हिच चालवले की एक सूचना छापली जाऊ लागली : ही आज्ञा आता मोडीत निघते आहे, स्क्रिप्टमध्ये कमांड-व्ही वापरा. सूचना योग्य होती. पण व्हिच वापरणाऱ्या स्क्रिप्ट अगणित होत्या, आणि काही ठिकाणी एक अनपेक्षित ओळ छापली गेली एवढ्यानेही बांधकाम अयशस्वी धरले जात होते. वाद डेबियनच्या तंत्र समितीपुढे गेला. समितीने निवाडा दिला की सूचना छापणे थांबवावे, आणि सर्वांसाठी दुसरी समतुल्य सोय होईपर्यंत व्हिच काढू नये.

चाळीस वर्षांची एक क्षुल्लक आज्ञा, आणि तिच्यासाठी समिती बसली, याचे हसू येऊ शकेल. मला ते आले नाही. त्या वादात एक बाजू म्हणत होती की मानकात नाही त्यावर कोणी विसंबू नये. दुसरी म्हणत होती की लोक विसंबले आहेत, त्यांचे काय. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी खरे म्हणायला जागा होती. तोडगा निघाला तो दोघांपैकी कोणालाही खोटे न पाडणारा.

५

आता वाचनालयाकडे येतो. कारण विचारायची रीत कळली म्हणजे प्रश्न सुटला, असे मलाही वाटले होते.

फोन आल्यावर मी ओळ बदलली. ‘एफसी-कॅश असेल तर एफसी-कॅश चालव’ असे दोन तुकडे ‘आणि’च्या खुणेने जोडून लिहिले. ती स्क्रिप्टची शेवटची ओळ होती. नवे पॅकेज पाठवले. तीच तक्रार! दिवसभर डोके खाजवल्यावर उलगडा झाला. स्क्रिप्ट संपताना शेवटच्या ओळीचा आकडाच तिचा आकडा ठरतो. साधन नाही, म्हणजे ‘असेल तर’ या पहिल्या तुकड्याचे उत्तर ‘नाही’. ते ‘नाही’च अपयशाचा आकडा म्हणून बाहेर गेले. नेमक्या ज्या परिस्थितीसाठी ओळ लिहिली, तिच्यातच ती मोडत होती. मी ‘असेल तर’ लिहिले होते. ‘नसेल तर’ काय, ते सांगितलेच नव्हते. ‘जर-तर-इति’ अशा पूर्ण वाक्यात लिहिले तर असे होत नाही : अट खोटी ठरली की ते वाक्य निमूट शून्य परत करते. जोई हेस यांनी १९९७ पासून घडवलेल्या डेबहेल्पर या साधनात असे तुकडे तयारच मिळतात आणि ते पूर्ण ‘जर-तर-इति’मध्येच असतात. शेकडो जणांनी हाताने चुका करण्यापेक्षा एकदा नीट लिहिलेला तुकडा सगळ्यांच्या स्क्रिप्टमध्ये आपोआप घालावा, हा त्यामागचा विचार. मला त्याचा पत्ता नव्हता.

मी वैतागलो आणि सोपा उपाय केला. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘नाहीतर असू दे’ अशा अर्थाची शेपटी जोडली. काहीही बिघडले तरी आकडा शून्यच. पॅकेज सुरळीत बसले. बाईंनी फोन करून आभार मानले.

पुढच्या वर्षी नोंदींचे यंत्र बदलले. गावातल्या एका तंत्रज्ञाने नव्या यंत्रावर कमीत कमी पॅकेजांचे डेबियन घातले आणि माझे पॅकेज बसवले. विनातक्रार बसले. माझ्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ होती : क्रॉनटॅब या आज्ञेने रोज रात्री दोन वाजता नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढण्याची वेळ लावून दे. त्या काटकसरीच्या बसवणीत क्रॉन नव्हते. डेबियनमध्ये क्रॉन नेहमीच्या बसवणीत येते, पण ते ‘अत्यावश्यक’ पॅकेजांत नाही. आज्ञा सापडली नाही, १२७ आला, शेपटी म्हणाली ‘असू दे’, आणि स्क्रिप्ट शून्य परत करून हसतमुखाने निघून गेली.

चार महिन्यांनी डिस्क गेली. प्रत एकही नव्हती. त्या चार महिन्यांत बाईंनी एका दिवंगत शिक्षकांच्या घरून देणगी आलेल्या संग्रहाची नोंद केली होती : अकराशेंच्या वर पुस्तके, कित्येकांवर त्यांनी लिहिलेल्या टिपा, त्या टिपांचीही त्यांनी नोंद घेतली होती. पुस्तके कपाटात होती, नोंदी पुन्हा करता आल्या. पण मधल्या काळात काही पुस्तके वाचकांकडे गेली होती, आणि कोणाकडे कोणते गेले ते फक्त यंत्राला ठाऊक होते. त्यातली काही परत आलीच नाहीत. बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “तुम्ही म्हणाला होतात ना, रोज रात्री होतं म्हणून?”

६

एफसी-कॅश नसणे आणि क्रॉन नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळले. पहिले नसले तर काही बिघडत नाही. फाँटकॉन्फिग ही यंत्रणा गरज पडेल तेव्हा यादी स्वतः करून घेते, फार तर पहिल्यांदा थोडा उशीर होतो. दुसरे नसले तर प्रणालीने दिलेला शब्दच मोडतो. पहिले खरोखर वैकल्पिक होते. दुसरे मी आळसाने वैकल्पिक करून टाकले. साधन वैकल्पिक आहे की नाही हे यंत्राला विचारून कळत नाही. ते नसल्याने कोणाचे काय जाते, हे लिहिणाऱ्याने आधी ठरवावे लागते.

हा भेद मनात धरून मी दफ्तर पुन्हा वाचले, तेव्हा त्यातल्या कितीतरी नोंदी वेगळ्या दिसू लागल्या.

फाँटांचेच घ्या. मराठी वाचकाला लिनक्सवर परिचित असलेला लोहित हा फाँट रेड हॅटने मुक्त केला. त्याची मूळ अक्षरे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. फेडोरामध्ये अशा फाँट-पॅकेजांच्या स्क्रिप्टमध्ये दोन स्तर असत : एफसी-कॅश असेल तरच चालव, आणि चालवताना काही बिघडले तरी पुढे जा. ही तीच शेपटी, जिने मला बुडवले. पण इथे ती योग्य जागी होती, कारण फाँट यादीत उशिरा आला तर कोणाचे पुस्तक हरवत नाही.

मग काहींनी मूळ व्यवस्थाच उलटी केली. इयान जॅक्सन यांनी २००७ मध्ये डीपीकेजीसाठी ‘ट्रिगर’ची रचना केली, फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या डेबियन ५ मध्ये ती होती. आधी हजार पॅकेजे प्रत्येकी विचारत : अमुक साधन आहे का? आता साधनाचे पॅकेजच सांगून ठेवते : या कप्प्यात कोणीही काही ठेवले तर मला कळवा. साधन असेल तर ते स्वतः जागे होते. नसेल तर कोणी विचारतच नाही. माहितीपाने सांभाळणाऱ्या मॅन-डीबीने ही सोय घेतली आणि पुढे फाँटकॉन्फिगनेही. आरपीएममध्ये अशी, फायलींवर नजर ठेवणारी सोय २०१६ च्या ४.१३ या आवृत्तीत आली. हजार ठिकाणी लिहिलेले ‘असेल तर’ एका ठिकाणी गोळा झाले. ज्या उन्हाळ्यात मी शेवटच्या ओळीवर डोके खाजवत होतो, तेव्हा ही सोय माझ्याच यंत्रावर आलेली होती. मी नोंदवही वाचली नव्हती.

पॅकेज काढून टाकतानाचा प्रसंग आणखी नाजूक. तेव्हा ज्यांच्यावर ते विसंबले ती पॅकेजे आधीच गेलेली असू शकतात. म्हणून सगळे पुसून टाकणाऱ्या शेवटच्या स्क्रिप्टने फक्त ‘अत्यावश्यक’ साधनांवर विसंबावे, बाकी प्रत्येकाबाबत आधी विचारावे. हे पाळले जाते का, ते माणसांनी तपासणे अशक्य. लार्स वीर्झेनियस यांनी २००५ मध्ये पायूपार्ट्स हा कार्यक्रम लिहिला. तो एका रिकाम्या कोपऱ्यात अगदी किमान डेबियन मांडतो, त्यात पॅकेज बसवतो, काढतो आणि काय मोडले ते पाहतो. माझ्या गावच्या तंत्रज्ञाने अजाणता जे केले, ते हा कार्यक्रम मुद्दाम करतो.

७

‘आहे का’ हा प्रश्नही पुरत नाही, हे गेल्या दशकाने दाखवले.

२०१४ च्या फेब्रुवारीत डेबियनच्या तंत्र समितीने सिस्टमडी ही यंत्रणा मूळ सेवा-व्यवस्थापक म्हणून निवडली. मते समसमान पडल्याने अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल लागला. त्याच सुमारास कंटेनरांचा काळ सुरू झाला : यंत्राच्या आत छोटी बंद खोली, तिच्यात एकच कार्यक्रम. अशा खोलीत सिस्टमसीटीएल ही आज्ञा फाइल म्हणून असू शकते, पण जिला ती हुकूम देणार ती यंत्रणा चालू नसते. घरात दिव्याचे बटण आहे, वीजजोडणी नाही. म्हणून नव्या स्क्रिप्ट आज्ञा शोधत नाहीत. सिस्टमडी चालू असतानाच जो कप्पा निर्माण होतो, तो आहे का ते पाहतात. सेवा सुरू करण्यासाठी डेबियनची एक मध्यस्थ आज्ञाही आहे. यंत्राच्या मालकाने ‘नको’ सांगून ठेवले असेल तर १०१ हा आकडा मिळतो आणि ती सेवेला हात लावत नाही. कंटेनरांच्या डेबियन प्रतिमांमध्ये ही पाटी दारावर लावूनच ठेवलेली असते. इथे ‘आहे का’ आणि ‘चालू आहे का’ यांच्यापुढचा तिसरा प्रश्न येतो : घरमालकाची परवानगी आहे का?

उलट प्रकारही घडला. २०१९ च्या जुलैमध्ये आलेल्या डेबियन १० मध्ये, सर्वाधिकारी होण्यासाठीची एसयू ही आज्ञा दुसऱ्या पॅकेजातून येऊ लागली. नुसती एसयू म्हटले तर आधीचा, साध्या वापरकर्त्याचा शोधमार्ग तसाच राहू लागला, आणि त्यात प्रशासकाच्या आज्ञांचे कप्पे नसतात. डीपीकेजी सुरुवातीलाच काही आवश्यक आज्ञा दिसतात का ते पाहतो. त्याला त्या दिसेनात आणि तो काम करीना. साधने जागच्या जागी होती. पाहणारा चुकीच्या वाटेने आत आला होता.

८

वाचनालयासाठी मी पॅकेज तिसऱ्यांदा बांधले. क्रॉन ‘याच्याशिवाय चालणार नाही’ या यादीत घातले. रात्रीच्या प्रतीची वेळ स्क्रिप्टमधून लावणे सोडून, क्रॉनच्या ठरलेल्या कप्प्यात एक फाइल ठेवली. स्क्रिप्टने करायचे कामच उरले नाही. फाँटाची ओळ ट्रिगरवर सोपवून काढून टाकली. एक गोष्ट वाढवली : शेवटची प्रत कधी निघाली ती तारीख बाईंच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसते, आणि दोन दिवस उलटले तर लाल होते. ‘असू दे’ची शेपटी आता एकाही ओळीला नाही. स्क्रिप्ट अकरा ओळींची होती, ती तीन ओळींची झाली.

बसवणीच्या या छोट्या स्क्रिप्टांच्या इतिहासात मला दिसले ते असे. लोकांनी आधी गृहीत धरणे सोडले, मग विचारायला शिकले, मग विचारण्याची रीत एकसारखी केली, आणि शेवटी जिथे शक्य तिथे विचारण्याची गरजच राहू दिली नाही. तीसेक वर्षे लागली. यातल्या बहुतेकांनी हे काम विनामोबदला, फावल्या वेळात केले, आणि प्रत्येक सुधारणेमागे कोणाच्यातरी यंत्राची तक्रार आहे. चेंजलॉगमध्ये अशी ओळ भेटली, ‘अमुक आज्ञा नसल्यास स्क्रिप्ट अयशस्वी होऊ नये’, की मी आता तिच्यावरून पुढे जात नाही. कोण्या गावी कोणाचे काय अडले असेल, हे डोळ्यांपुढे येते.

बाई तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. देणगीच्या त्या संग्रहाची त्यांनी दुसऱ्यांदा केलेली नोंद पहिलीपेक्षा बारीक आहे, असे त्यांच्या जागी आलेल्या ग्रंथपालांनी मला सांगितले. परत न आलेल्या पुस्तकांची एक यादी बाईंनी वहीत हाताने लिहून ठेवली आहे, आठवणीतून. नऊ नावे आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यातले एक पुस्तक कोणीतरी दारातल्या बाकावर आणून ठेवले. आता आठ.